नकार तर तुम्ही रोजच देताय

पत्र, थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या आहेत. ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्यात राहतात, ऐरोलीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतात. घरी नवरा आणि नववीतली मुलगी. चार वर्षांपासून सोसायटीच्या सेक्रेटरी. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत त्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींचा चित्ररथ असतो, त्याची सगळी धावपळ त्यांच्याकडे. शिवाय शाळेच्या बॅचचा ग्रुप, दोन भिश्या, शनिवारचा ऑनलाइन कोर्स, सकाळचा योगवर्ग आणि मुलीच्या अभ्यासाचं वेळापत्रक. वडील ७६ वर्षांचे, नौपाड्यातल्या जुन्या घरात एकटे राहतात. पंधरा दिवसांतून एकदा त्यांना सामानाची पिशवी पोचवणं होतं. गेल्या महिन्यात वडिलांचा फोन आला आणि दोन वाक्यांतच ते म्हणाले, ‘तू घाईत असशील, ठेवतो.’ तेव्हापासून ताईंना चैन नाही. त्या लिहितात: ‘दिवसभर मी काही ना काही करतच असते आणि रात्री वाटतं, आज काहीच झालं नाही. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. आणि सोडायचं तरी काय, सगळंच महत्त्वाचं आहे. पहाटे साडेचारला उठायला लागू का? वेळेचं नियोजन करायला एखादं चांगलं अ‍ॅप किंवा पद्धत सुचवा. आणि खरं सांगा, मी माणूस म्हणून कोरडी होत चाललेय का?’

ताई, नमस्कार.

साडेचारचा गजर लावू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते. तुम्हीच लिहिलंय की झोपायला बारा वाजतात आणि साडेपाचला उठता. त्यातला आणखी एक तास काढलात तर तो तुमच्या हाती लागणारच नाही. गणपतीपर्यंत त्यात सोसायटीची इतिवृत्तं लिहून व्हायला लागतील आणि दसऱ्याला तुम्ही मला विचाराल, साडेतीनला उठू का?

अ‍ॅपचंही तेच. तुमच्या पत्रात नऊ-दहा कामं आहेत आणि त्यावर उपाय म्हणून तुम्ही अकरावं मागताय. यात तुमचं वेगळं काही चुकत नाही, माणसाचं डोकंच असं चालतं. २०२१ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचे काही प्रयोग छापून आले होते. लोकांना ठोकळ्यांची एखादी रचना, एखादा मजकूर, सहलीचा भरगच्च कार्यक्रम दिला आणि ‘हे सुधारा’ म्हणून सांगितलं. बहुतेकांनी काहीतरी वाढवलं. काढून टाकूनही सुधारता येतं हे बऱ्याच जणांच्या मनातच आलं नाही. ‘काढलंत तरी चालेल’ अशी आठवण करून दिल्यावर मात्र आलं. तर ही तुमच्यासाठी आठवण समजा.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, ज्यावर तुमचं सगळं पत्र उभं आहे: मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. मला हे पटत नाही. पत्र पुन्हा वाचताना मी पेन्सिल घेऊन बसले आणि तुम्ही कुणाकुणाला नकार देताय त्याच्या खाली रेघा मारत गेले. वडिलांना देताय, दर संध्याकाळी. झोपेला देताय. नवऱ्याने जेवणानंतर उपवन तलावाला चक्कर मारून येऊ म्हटलं तर ‘तू जा’ म्हणता, हे तुम्हीच एका कंसात लिहून गेलात. दुखऱ्या गुडघ्यासाठी डॉक्टरांची वेळ दोनदा पुढे ढकलली आहे. म्हणजे नकार द्यायची सवय तुम्हाला चांगली आहे, फक्त तो ज्यांना मिळतो ती माणसं तक्रार करत नाहीत. सोसायटीचे अध्यक्ष फोन करतात, बॅचचा ग्रुप दिवसभर वाजत असतो, भिशीच्या मैत्रिणी तारीख ठरवून मोकळ्या होतात.

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात हे रोज घडतं. तिघींच्या बाकाशी येऊन जी ‘जरा सरकता का’ म्हणते, तिला अर्धी का होईना, जागा मिळते. जी विचारत नाही ती वाशीपर्यंत उभी. तुमचे वडील विचारणाऱ्यांतले नाहीत. उलट तुम्ही म्हणायच्या आधी तेच म्हणतात, घाईत असशील.

तेव्हा ‘नाही म्हणायला शिका’ असा सल्ला मी देणार नाही. तो सगळीकडे फुकट मिळतो आणि त्याने नुसतं अपराधी वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की नकार जाणारच आहेत, तर ते कुणाला जावेत हे तुम्ही ठरवा. आत्ता ते न ठरवता जातायत.

कोरडी होत चाललेय का, असं विचारलंत. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोघांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर तो केला होता. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण करायचं होतं. काहींच्या भाषणाचा विषय होता, वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या प्रवाशाची बायबलमधली गोष्ट. जायच्या वाटेवर दारापाशी एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवलेला. ज्यांना ‘अजून बराच वेळ आहे’ असं सांगून पाठवलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ‘तुम्हाला उशीर झालाय, लवकर पळा’ असं सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मदतीच्या गोष्टीवर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला ओलांडून गेले. ही मुलं काही दगड नव्हती, त्यांना घाई होती. तुम्हीही कोरड्या नाही आहात. कोरडं माणूस वडिलांच्या एका वाक्याने महिनाभर अस्वस्थ होत नाही आणि अनोळखी बाईला तीन पानं लिहीत नाही.

पण इथेच थांबले तर मी तुमची नुसती समजूत काढल्यासारखं होईल. त्या मुलांच्या मागे घाई दुसऱ्याने लावली होती. तुमची सगळी तशी नाही. ऑफिसची वेळ तुमच्या हातात नाही, घोडबंदरचा ट्रॅफिक तर कुणाच्याच हातात नाही. पण सोसायटीची सेक्रेटरी दुसऱ्यांदा व्हायला तुम्हीच हो म्हणालात, आणि का, ते प्रामाणिकपणे लिहिलंयत: ‘सगळे म्हणाले, तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.’ हे ऐकायला गोड असतं, कुणालाही. चार बायकांत ‘हिला सांगा, ही करते’ म्हटलं जाणं ही एक कमाई आहे आणि ती सोडताना आत कुठेतरी टोचणार. फक्त टोचलं म्हणून निर्णय चुकला असं समजू नका.

आता ‘सगळंच महत्त्वाचं’ याविषयी. तुमच्या पत्रात चित्ररथावर अर्धं पान आहे. यंदा विषय कोणता होता, टेम्पो ऐन वेळी कसा बदलावा लागला, नऊवारी नेसून पहाटे पाचला तुम्ही मैत्रिणींना गजरे कसे वाटलेत, कोपिनेश्वराची पालखी पुढे गेल्यावर अंगावर काटा कसा आला. हे सगळं लिहून शेवटी म्हणता, ‘आता हे सोडावं म्हणते, बाकीचं उपयोगाचं तरी आहे.’ आणि उपयोगाचं म्हणून तुम्ही ठेवताय तो शनिवारचा कोर्स, ज्याच्यावर एकच ओळ आहे: फी भरलीय, तिसऱ्या भागावर अडकलेय.

माझं मत अगदी उलट आहे. कोर्स सोडा, चित्ररथ ठेवा. ऑफिसने तो कोर्स मागितलेला नाही, त्याने तुमच्या कामात काही बदलणार आहे असंही तुम्ही लिहिलेलं नाही. फी गेली ती गेली. शनिवारही त्याच्या मागे घालवले म्हणून ती परत येणार नाही. चित्ररथ वर्षातून दीड-दोन महिन्यांचा आहे, त्याला शेवट आहे, आणि त्यात तुम्ही असता. काय सोडायचं हे ठरवताना आपण बहुतेक वेळा आनंदाची गोष्ट आधी काढतो, कारण ती सोडताना कुणाला जाब द्यावा लागत नाही. मग उरलेल्या ‘उपयोगी’ गोष्टी ओढताना आणखी दमतो. अर्थात चित्ररथ ठेवा म्हणजे टेम्पोपासून गजऱ्यांपर्यंत सगळं तुम्हीच करा असं नव्हे. एक काम घ्या, आवडतं ते.

वाचणाऱ्या इतरांनाही एक सुचवते. ‘मला काय महत्त्वाचं वाटतं’ अशी यादी करायला बसू नका; त्या यादीत आपण शहाण्यासारखं लिहितो. त्याऐवजी गेला आठवडा लिहून काढा, जसा गेला तसा. फोनमधले कॉल, व्हॉट्सअ‍ॅप, कॅलेंडर बघितलं की आठवतं. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहा: हे माझ्याऐवजी दुसरं कुणी करू शकेल का, आणि हे दोन वर्षांनी केलं तर चालेल का. दोन्हींना ‘हो’ असेल तर ते काम कितीही चांगलं असो, आत्ता तुमचं नाही. दोन्हींना ‘नाही’ असं फारच थोडं निघतं. ताई, तुमच्या पत्रात मला तसं ठळक एकच दिसलं, नौपाड्यातलं. मुलगीही त्यात येते, पण वेगळ्या तऱ्हेने. तिला तुम्ही हव्या आहात. तिचं रंगीत वेळापत्रक तुम्ही करणं बंद केलंत तर दोघींचाही वेळ वाचेल. नववीतल्या मुलीला स्वतःचा अभ्यास स्वतः आखून एकदा चुकू द्या. दहावीत चुकण्यापेक्षा ते बरं.

भिशी मात्र मध्येच सोडू नका. फेरी पुरी होईपर्यंत सगळ्यांचे पैसे एकमेकींत अडकलेले असतात, आणि तुमची पाळी आधीच येऊन गेली असेल तर सोडायचा प्रश्नच नाही. चालू फेरी संपवा आणि पुढच्या फेरीत दोन्हीकडे नाव देऊ नका, किंवा जिथे खरोखर गप्पा होतात ती एक ठेवा. बॅचच्या ग्रुपचं अ‍ॅडमिनपद दुसरीला द्या, ग्रुप म्यूट करा, पण त्यातून बाहेर पडू नका. बाहेर पडलात तर ‘काय गं, काय झालं?’ म्हणून इतके फोन येतील की तो आठवडा त्यातच जाईल. योगवर्गाला सहापैकी दोन दिवस जाता, तर तेवढाच लावा. गुडघ्याचं आधी डॉक्टरांना दाखवा.

सोसायटीचं जरा सविस्तर बोलते, कारण मला येणाऱ्या पत्रांत या पदावर अडकलेली बरीच माणसं असतात. वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे तुमच्यापुढे तारीख तयार आहे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, सेक्रेटरीने राजीनामा अध्यक्षांच्या नावे लेखी द्यायचा. हातातलं काम अद्ययावत आहे आणि संस्थेची कागदपत्रं, वस्तू सोपवल्या आहेत याची खात्री झाली की समिती तो मंजूर करते. म्हणून आजपासूनच एक वही करा. लिफ्टचा देखभालीचा करार कधी संपतो, टँकरवाल्याचा नंबर, कुणाची थकबाकी किती, कुठली फाइल कुठल्या कपाटात. तुमच्या डोक्यात असलेली सोसायटी कागदावर उतरली की ‘तुझ्याशिवाय जमणार नाही’ यातला अर्धा जोर जातो. शंभर-सव्वाशे फ्लॅट असतील तर पगारी मॅनेजर ठेवायचा विषयही त्याच सभेत काढा.

समितीची मुदत पाच वर्षांची असते, तेव्हा ‘आता एकच तर वर्ष राहिलंय’ हे ऐकायला लागेल. यात तथ्य नाही असं नाही. वडील साठीचे असते आणि तुम्हाला झोप मिळत असती तर मीही म्हटलं असतं, काढा एक वर्ष. पण ७६ वर्षांच्या माणसाच्या हिशेबात एक वर्ष पुढे ढकलणं मला महाग वाटतं. तुम्ही वजन करा. मुदत पुरी करायचीच ठरली, तर निदान बँकेची आणि थकबाकीची कामं सभेतच दुसऱ्याकडे सोपवून घ्या.

आणि सांगताना कारण देऊ नका. ‘वडिलांची तब्येत बरी नसते’ म्हणालात की लोक प्रेमाने विचारणार, आता कशी आहे, मग पुढच्या महिन्यापासून येताय ना? ‘मुलीचं नववीचं वर्ष आहे’ म्हणालात तर ‘मार्चनंतर मोकळ्या व्हाल’. कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो. एवढंच म्हणा: ‘सभेनंतर मी सेक्रेटरी राहणार नाही. ३१ ऑक्टोबरपर्यंत सगळं समजावून देते.’ मग गप्प राहा. ती शांतता अवघड जाते, तिच्यातच आपण निम्म्या वेळा ‘बरं, बघते’ म्हणून बसतो. तुम्ही सोडल्यावर काही गोष्टी खरंच बिघडतील. एखादं बिल थकेल, पावती चुकेल, कुणीतरी म्हणेल, आधीच्या मॅडम असत्या तर असं झालं नसतं. ते ऐकून पुढे जा, दुरुस्त करायला जाऊ नका.

घराचा विषय तुम्ही एका ओळीत उरकलात: नवरा चांगला आहे, सांगितलं की सगळं करतो. चांगला असणारच. पण गॅस संपत आलाय, कामवाल्या मावशी सोमवारी येणार नाहीत, मुलीची फी भरायची शेवटची तारीख जवळ आलीय, हे आठवत राहण्याचं काम कोण करतं? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी २८९ मिनिटांचा वेळ बिनपगारी घरकामात जातो, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटांचा. आठवत राहणं यात किती धरलं गेलं असेल, देव जाणे. तेव्हा सुटी कामं सांगत बसण्यापेक्षा नवऱ्याकडे अख्खी खाती द्या. किराणा आणि गॅस पूर्णपणे त्यांचं, आठवण्यासकट. पहिल्या महिन्यात एकदा तरी डाळ संपेल. त्या दिवशी पिठलं-भात करा आणि आठवण करून द्यायचा मोह आवरा.

आता वडील. संध्याकाळी तुम्ही ऐरोलीहून ठाण्याला उतरता आणि पूल ओलांडून सॅटिसवर, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या उंच बसथांब्यावर, बसच्या रांगेत उभ्या राहता. तिथून नौपाड्यातलं घर, तुम्हीच लिहिलंय, पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, समजा मंगळवार आणि शुक्रवार. त्या दिवशी बसच्या रांगेऐवजी गोखले रोड धरा. जाताना पिशवी नेऊ नका. पिशवी असली की भेटीला काम लागतं, औषधं मोजली जातात, फ्रीज आवरला जातो आणि निघायची वेळ होते. सामान घरपोच मागवा. तुम्ही नुसत्या जा, चहा तेच करू देत, पाऊण तास बसा, फोन पर्समध्ये ठेवून. पहिल्या काही वेळा ते विचारतील, ‘आज कशी काय आलीस, काही काम होतं?’ रागावू नका, त्यांना सवय नाही. बोलायला काही सुचलं नाही तरी हरकत नाही, दोघं मिळून टीव्हीवरच्या बातम्या बघा. घरी पोचायला नऊ वाजतील. त्या दोन दिवसांचा स्वयंपाक नवऱ्याच्या खात्यात टाका.

हे सगळं लिहिताना मला याची जाणीव आहे की प्रत्येकाला असं निवडता येत नाही. सकाळी एक आणि संध्याकाळी एक नोकरी करणारा, चार घरची कामं करून स्वतःच्या घरचं करणारी, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असणारी, यांनी ‘प्राधान्य ठरवा’ हे ऐकलं तर त्यांना राग यावा, आणि तो रास्त आहे. त्यांना सल्ल्याआधी हात हवा असतो. ताई, तुमच्या यादीतली कमीत कमी अर्धी कामं मात्र तुम्ही निवडलेली आहेत, म्हणूनच ती परत करता येतील.

एक सावधगिरी. शनिवार मोकळा झाला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तुम्हाला बरं वाटणार नाही, बेचैन व्हाल. हात आपोआप फोनकडे जाईल, कपाट आवरायला काढाल, मुलीच्या खोलीत डोकावाल. याला आळस समजून नवं काही ओढवून घेऊ नका. दिवाळी होईपर्यंत एकही नवी जबाबदारी घ्यायची नाही, कितीही छोटी असो, असा नियम करा आणि तो नवऱ्याला सांगून ठेवा. तुमचं नाव दिवाळी पहाटच्या आयोजनासाठी सुचवलं जाणारच, तुमच्यासारख्या बाईचं नाव कोण सोडेल? त्यांना कळवून टाका, यंदा मी वडिलांना घेऊन ऐकायला येणार आहे, दोन खुर्च्या पुढच्या ठेवा.